मारबत झाली की सुरू होणाऱ्या शिंका

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. दरवर्षी मारबत (नागपुरातली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक) आटोपली की त्याचं नाक वाहू लागतं, ते थेट दिवाळीपर्यंत. उठल्याउठल्या आठ-दहा शिंका, डोळे चोळून चोळून लाल. ताप नाही. यंदा दोनदा अँटिबायोटिक झालं. सासूबाई म्हणतात दही बंद कर, शेजारीण म्हणते दारातला मोगरा काढ. नाकाचा स्प्रे दिला होता, पण रक्त आलं म्हणून सोडला.
– एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, मोगरा राहू द्या, दहीही खाऊ द्या. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत निघून जाते. पाण्यासारखं नाक, खाज, एकामागून एक शिंका, ताप नाही आणि दरवर्षी तोच मोसम, ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. अँटिबायोटिकने काय साधणार? मारायला जंतूच नाहीत. त्याचं नाक जवळून बघा. तळव्याने सारखं वर ढकलल्यामुळे शेंड्याच्या वर आडवी रेघ उमटलेली असते.

मोगऱ्यासारख्या सुवासिक फुलांचे पराग जड, चिकट. ते किड्यांच्या पायांना लागून जातात. नाकात शिरतात ते वाऱ्यावर उडणारे. पावसाळा सरताना मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गवत आणि पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत, संशय आधी यांच्यावर. (त्रास फेब्रुवारी-मार्चमध्ये असता, तर वावळाच्या झाडाकडे बोट दाखवलं असतं.) गाजर गवत फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर कापलं तर पराग उलट जास्त उडतात. तेव्हा मूल तिथे नको.

ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर लावत असाल, तर तो बाहेरचीच हवा पलंगावर सोडतो. कूलरच्या जुन्या गवती ताट्यांत बुरशी धरते, ती वेगळी. मुलाच्या खोलीत पंखा बरा. खेळून आला की कपडे बदला, डोक्यावरून आंघोळ घाला. चादरी प्लॉटच्या बाजूला वाळत घालू नका.

सेटिरिझिनने खाज-शिंका कमी होतात; या वयात साधारण दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीत किती मिलिग्रॅम’ हे वाचूनच मोजा, आणि मात्रा डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. चोंदलेल्या नाकाला मात्र स्प्रेच लागतो.

रक्त बहुतेक वेळा नळी मधल्या पडद्याकडे रोखल्याने येतं. बाटली हलवा, नाक शिंकरून घ्या, मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. म्हणजे नळी आपोआप बाहेर, कानाकडे वळते. फवारताना श्वास अलगद. जोरात ओढला की औषध घशात जातं आणि मूल कडू म्हणून तोंड वेडावतं. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून पुढच्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधीपासूनच. नाक झटकन मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. मग ते सोडले की नाक आणखी चोंदतं.

रात्री खोकला किंवा पळाल्यावर छातीत घरघर असेल, तर दमा तपासून घ्या. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलीची अ‍ॅलर्जीसाठी त्वचेवरची प्रिक टेस्ट ठरली आहे. औषधं चालू ठेवायची का?
– एक वडील, महाल

उत्तर : सेटिरिझिन साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, नाहीतर टोचल्या जागी गाठ उठतच नाही आणि चाचणी खोटीच ‘काही नाही’ सांगते. खोकल्याच्या सिरपमध्येही असं औषध दडलेलं असतं. सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवा. नाकाचा स्प्रे चालतो. दम्याचा पंप मात्र मनाने बंद करू नका.