‘सुजेमुळे फुगा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो, म्हणजे अॅन्युरिझम होतो, त्यामागे इन्फ्लमेशन असतं असं वाचलं. मराठीत “सुजेमुळे फुगा येतो” असं लिहिलं तर चालेल का? की दाह म्हणावं? की शोथ?’

सूज इथे नको. घसा, हिरडी, सांधा यांच्या बाबतीत इन्फ्लमेशनला आपण सर्रास सूज म्हणतो आणि ते खपतं, कारण तिथे तो भाग फुगलेला दिसतो. या आजारात मात्र त्या शब्दाने दोन घोटाळे होतात. ‘मेंदूला सूज’ हा प्रयोग मराठीत आधीच रुळलेला आहे. मेंदूत पाणी साठून तो फुगला की डॉक्टर नातेवाइकांना हेच सांगतात. फुगा फुटून रक्तस्राव झाला की पुढे ही सूज येऊही शकते. म्हणजे ती परिणामाच्या खात्यातली. कारणाच्या खात्यातही तोच शब्द घातला की वाचकाने समजायचं काय?

दुसरा घोटाळा त्याहून मोठा. सूज म्हटलं की काहीतरी जाड होतंय असं डोळ्यांपुढे येतं. इथे घडतं ते उलट. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. तिथे धमन्यांना फाटे फुटतात आणि त्या बेचक्यातच रक्ताचा मारा जास्त बसतो. त्याने आतलं अस्तर बिघडलं की अस्तराच्या पेशी एमसीपी-१ सारखी प्रथिनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. त्या भिंतीत शिरतात आणि मॅक्रोफेज म्हणजे भक्षकपेशी होऊन बसतात. मग त्यांच्यातून एमएमपी गटातली विकरं म्हणजे एन्झाइम बाहेर पडतात आणि भिंतीला ताकद देणारं कोलॅजेन, लवचीकपणा देणारं इलॅस्टिन कुरतडत राहतात. मधल्या थरातल्या स्नायुपेशीही हळूहळू मरतात. शरीरातल्या इतर बऱ्याच धमन्यांना आतल्या लवचीक पडद्याशिवाय बाहेरूनही आणखी एक तसाच पडदा असतो. कवटीच्या आतल्या धमन्यांना हा बाहेरचा पडदा मुळातच नसतो. आतला पडदा गेला की भिंत रक्तदाबापुढे टिकत नाही आणि बाहेर फुगते. काही फुग्यांची भिंत जागोजागी जाडही सापडते, पण मूळ गोष्ट झिजेची आहे. झिजेला सूज कसं म्हणणार?

शोथ शब्दाचीही तीच अडचण. तो संस्कृतातल्या ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूवरून आलेला आहे. आयुर्वेदातही शोथ म्हणजे सूजच. यकृतशोथ वगैरे पारिभाषिक शब्दांत तो बसून गेला आहे, तिथे राहू द्या.

राहिला दाह. इन्फ्लमेशनच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही पेटवणे असाच आहे, म्हणजे ‘दह्’ (जाळणे) धातू अर्थाने त्याच्याशी थेट जुळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने या विकाराची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. म्हणजे सूज हे चारांतलं एक लक्षण; तेच नाव अख्ख्या प्रक्रियेला देणं तसंही ओढूनताणूनच. दाह शब्दात खोट नाही असं नाही. डोळ्यांची आग, छातीतली जळजळ अशी भावना त्याला चिकटलेली आहे, आणि न फुटलेला फुगा बहुधा काहीच जाणवू देत नाही. कित्येकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये तो सापडतो. म्हणून नुसतं ‘दाह’ न लिहिता ‘धमनीच्या भिंतीतला दाह’ लिहावं. डोक्याची आग होते की काय, ही शंका तिथेच मिटते.

दाह म्हणजे संसर्ग नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवं. जंतुसंसर्गातून होणारे फुगे असतात, पण ते थोडे आणि वेगळे. विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी 1885 मध्ये त्यांना ‘मायकोटिक’ म्हटलं. शब्दाचा अर्थ बुरशीचा, आणि कारण बहुतेक वेळा जिवाणू! तरीही नाव टिकलं. नेहमीच्या फुग्यातल्या दाहाला जंतू लागत नाहीत. रक्तप्रवाहाचा मारा, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान पुरतात.

आता क्रियापद. ‘दाहामुळे फुगा येतो’ हे जरा जास्तच ठाम झालं. भक्षकपेशी कमी केलेल्या उंदरांमध्ये फुगे कमी होतात, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या फुग्यांच्या भिंतीतही या पेशी सापडतात; पण माणसात एकटा दाहच सगळं घडवतो असं यावरून म्हणता येत नाही. ‘फुगा तयार होण्यात धमनीच्या भिंतीतल्या दाहाचा मोठा वाटा असतो’ असं लिहा.

एक व्यावहारिक फायदाही आहे. ‘सुजेमुळे’ लिहिलंत तर कोणीतरी सूज उतरवायची गोळी विचारणारच. अॅस्पिरिन दाहशामक आहे आणि ते घेणाऱ्यांमध्ये फुगे कमी फुटल्याचं काही पाहण्यांत दिसलं आहे; पण तेच औषध रक्त गोठण्यातही आड येतं, त्यामुळे ते सुरू करायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.