ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

कुडाळहून बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आमच्या नोट्समध्ये 'उशिरा येणाऱ्या मुलाला छडी मारणे हे नकारात्मक प्रबलनाचे उदाहरण होय' असं वाक्य आहे. पुस्तकात मात्र 'ऋण प्रबलन' आणि 'शिक्षा' अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि मराठीत कोणता शब्द लिहावा?"

अर्थ एकच नाही, चक्क उलटा आहे. नोट्समधलं वाक्य चूक आहे.

प्रबलन म्हणजे बळ देणं. एखाद्या वर्तनानंतर असं काही घडतं की ते वर्तन पुढे वाढतं, तर त्या घडण्याला प्रबलन म्हणायचं. शिक्षेने वर्तन घटतं. तेव्हा नावात 'प्रबलन' असेल तर काहीतरी वाढलेलं दिसलंच पाहिजे. आता 'ऋण'. हे ऋण वजाबाकीतलं: त्रासदायक असं काहीतरी थांबलं, दूर झालं किंवा टळलं आणि म्हणून वर्तनाला बळ मिळालं. घोटाळा करतो तो 'ऋण'ऐवजी लिहिला जाणारा 'नकारात्मक' हा शब्द. बोलण्यात आपण तो 'निराश' किंवा 'वाईट' या अर्थाने वापरतो, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच छडी दिसू लागते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये संख्यांसाठी धन आणि ऋण हे शब्द वापरले, त्यांत चांगल्या-वाईटाचा वास नाही. माझं मत म्हणून 'ऋण प्रबलन'ला. 'पुनर्बलन' हिंदीतलं, ते हिंदीतच राहू द्या. (हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. दोन्ही भाषांतल्या गाइडांवर अभ्यास करणाऱ्यांचं कठीणच आहे.)

फणस कापायला बसण्याआधी आपण हातांना आणि आडाळ्याच्या पात्याला खोबरेल चोळतो. चोळल्याबद्दल मिळत काहीच नाही, फक्त चीक चिकटत नाही. तेवढ्यावर ही सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. विसरलात, हात चिकाने भरले आणि मग तेल लावून तो काढत बसलात, तर तेही ऋण प्रबलनच. पहिल्यात त्रास टाळला, दुसऱ्यात त्रासातून सुटका करून घेतली. शास्त्रात हे दोन प्रकार वेगळे मानतात. दोन्हींत कुणाला शिक्षा झालेली नाही, हे पाहा.

खरी गंमत पुढे आहे. बागेत वांदर शिरले, मालकाने सुतळी बॉम्ब लावला, वांदर शेजाऱ्याच्या कलमांवर गेले. हे काय झालं, शिक्षा की ऋण प्रबलन? कोणाबद्दल बोलताय ते आधी सांगा. वांदर त्या बागेत यायचे कमी झाले तर त्यांच्यापुरती ती शिक्षा. (बहुतेक वेळा कमी होत नाहीत, तेव्हा ती शिक्षाही नव्हे, नुसता आवाज.) मालकाच्या बाजूने मात्र बॉम्ब लावल्याबरोबर उपद्रव थांबला, म्हणून पुढच्या वेळी त्याचा हात आधी बॉम्बकडेच जाणार. ते ऋण प्रबलन. 'कोणाचं वर्तन?' हा प्रश्न न विचारता दिलेलं उत्तर निम्मं चुकतंच.

घरातही तेच चालतं. अभ्यासाला बसवलं की पोरगं रडून घर डोक्यावर घेतं. आई वैतागून म्हणते, "घे तो मोबाईल आणि गप रव!" अभ्यास टळला, म्हणून पोराचं रडणं पक्कं झालं. वर मोबाईल मिळाला, म्हणजे हवंसं काही हाती आल्याने बळ मिळालं, ते धन प्रबलन. रडणं थांबलं, म्हणून आईचं नमतं घेणंही पक्कं झालं. दोघं एकमेकांना शिकवत आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

उपयोजित वर्तन विश्लेषणात, म्हणजे वर्तनाची कारणं शोधून ते बदलण्याच्या शास्त्रात, या संज्ञेला महत्त्व आहे ते याचमुळे. मूल आरडाओरडा कशासाठी करतं, लक्ष वेधायला की काम टाळायला, हे आधी तपासतात. काम टाळण्यासाठी असेल तर 'जा, कोपऱ्यात बस' ही शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडते, कारण काम सुटतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये वेगळा मार्ग दाखवला: काम जड जात असेल तर मदत मागायला मुलाला शिकवा. याच धर्तीवर 'थोडं थांबूया' असं सांगायलाही शिकवतात. सुटका तीच, फक्त ती ओरडण्याऐवजी मागण्याला जोडली जाते. ब्रायन इवाटा यांनी १९८७ मध्ये ऋण प्रबलनावरच स्वतंत्र लेख लिहिला, तोवर या क्षेत्राचा भर धन प्रबलनावर जास्त होता.

तुमच्या नोट्स लिहिणाऱ्याची थोडी बाजू घ्यायची तर, १९३८ मध्ये प्रबलनाचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ खुद्द बी. एफ. स्किनर यानेही ही संज्ञा शिक्षेच्या अंगाने वापरली होती. आजचा अर्थ केलर आणि शोएनफेल्ड यांच्या १९५०च्या पाठ्यपुस्तकात आला आणि १९५३ मध्ये स्किनरनेही तो घेतला. तेव्हा चूक जुनी आहे आणि घराणंही मोठं आहे.

धन आणि ऋण यांतली सीमा मात्र वाटते तितकी पक्की नाही. मे महिन्यातल्या घामट दुपारी आपण पंखा लावतो. वारा मिळाला म्हणून की उकाडा गेला म्हणून? जॅक मायकल यांनी १९७५ मध्ये हा भेदच आता अनावश्यक आहे असं मांडलं. मला तो ठेवावासा वाटतो, कारण वर्गात 'मूल कशापासून पळतंय?' हा प्रश्न त्यामुळेच सुचतो. पण पंख्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

राहता राहिलं नोट्समधलं वाक्य. 'उशिरा आल्यावर छडी मारली आणि मूल उशिरा येईनासं झालं' ही शिक्षा. 'छडी चुकावी म्हणून मूल वेळेवर येऊ लागलं' असं लिहिलंत तर वेळेवर येण्याचं ऋण प्रबलन. छडी एकच, वर्तनं दोन. परीक्षेत शक्यतो फणसच लिहा. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शाळेत छडीला बंदी आहे, नोट्समधून ती जायला अजून वेळ लागेलसं दिसतं.