सर्कशीतल्या विदूषकांची पण घराणी असतात का?

तुम्ही विचारलंय की सर्कशीतला जोकर पिढीजात असतो का, की कोणीही रंग फासून उभा राहतो. तर हो, घराणी असतात, आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे फ्रान्सचे फ्रातेल्लिनी. मी शाळेतल्या पोरांची बालनाट्यं बसवतो, त्या नादात यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

बाप इटलीचा, कसरती करणारा. बिऱ्हाड कायम फिरतं, म्हणून पोल जन्मला सिसिलीत, फ्रान्स्वा पॅरिसमध्ये आणि अल्बेर थेट मॉस्कोत. थोरला लुई १९०९ मध्ये वारला आणि मग या तिघांनी मिळून काम सुरू केलं. तोवर साधारण जोडीच असायची, एक पांढऱ्या तोंडाचा, चमचमत्या झग्यातला, हुकूम सोडणारा आणि दुसरा घोळ घालणारा. इथे हुकूम सोडायला फ्रान्स्वा, घोळ घालायला अल्बेर (लाल नाक, कपाळापर्यंत चढवलेल्या भुवया, भलेमोठे बूट), आणि मधे पोल, काळा कोट घालून, एका डोळ्याला भिंग लावून, एखाद्या वकिलासारखा गंभीर, पण तोही घोळ घालणाऱ्यांतलाच. त्या मधल्या माणसामुळे सगळी गंमत बदलते, कारण आता घोळ घालणारे पण दोन आणि दोघांची तऱ्हा वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत लोक खास यांना बघायला जायचे.

विनोद रक्तात असतो वगैरे मला पटत नाही. घरात मिळतो तो लहानपणापासूनचा सराव आणि समोरचा आता काय करणार याचा अचूक अंदाज. माझ्याकडे सख्खी भावंडं एका प्रवेशात असली की टायमिंग शिकवावं लागत नाही. आपल्याकडे तमाशात कवलापूरचे काळू-बाळू होतेच की, जुळे भाऊ, आणि वाडवडीलही तमाशातलेच.

पुढे पोलची नात अ‍ॅनी (जन्म १९३२). ती तर सर्कस सोडून गाण्यात आणि सिनेमात गेली होती. नंतर परतली आणि चक्क घोळ घालणारा विदूषक झाली, बायका हे काम जवळजवळ करतच नव्हत्या तेव्हा! १९७० च्या दशकात तिने नवरा प्येर एतेक्सबरोबर सर्कशीची शाळा काढली, म्हणजे जे आधी घरातल्याच पोरांना मिळायचं ते बाहेरच्यांनाही शिकता यायला लागलं. मला हे तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं. आणि रिंगणात तिच्यासमोर पांढऱ्या तोंडाचा विदूषक कोण, तर तिचीच मुलगी वालेरी, म्हणजे लेक हुकूम सोडणार आणि आई घोळ घालणार.