पहिला पगार आणि पहिली सही

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. निकाल लागून चार महिने झाले, पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, वडील म्हणतात आधी एमपीएससीचा एखादा तरी प्रयत्न कर, आणि गावात भेटेल तो "सध्या काय चाललंय?" विचारतो. या प्रश्नाने जीव नकोसा होतो, असं तू लिहिलंस. निम्मे लोक पारावर काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात, ते सोडून दे. उरलेल्यांना मात्र खरंच हवं असतं: पगार किती, लग्न कधी, आणि हा आपल्या कामाला येईल का. त्यांना आणि घरच्यांनाही उत्तर देताना आकडा आणि तारीख सांगायची सवय लाव. "बघू", "चाललंय", "जमेल तसं" या शब्दांमुळे जेवढी भांडणं होतात तेवढी कमी पगारामुळे होत नाहीत.

आधी पगार. तू घरी "तीन लाख साठ हजारांचं पॅकेज" सांगितलंस, आणि वडिलांनी बाराने भागून महिना तीस हजार धरले. ते तीस हजार तुझ्या खात्यात कधीच येणार नाहीत. ऑफर लेटरच्या शेवटी एक तक्ता असतो, तो काढ. समजा मूळ पगार निम्मा, म्हणजे १५,००० आहे. कंपनीने पीएफमध्ये भरायचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, त्या तीस हजारांतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे बरीच वर्षं नोकरी करून सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, ४.८१ टक्के, म्हणजे ७२१, तेही त्यातच. वर्षाच्या शेवटी "कामगिरी पाहून" मिळणारा हिस्सा दहा टक्के असेल तर आणखी ३,०००, आणि गटविम्याचे ५०० धर. उरले २३,९७९. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,९७९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर रुपये कमी आले तर एचआरला मेल टाकू नकोस. घरी हा बावीस हजारांचा आकडा सांग, आणि पहिला पगार व्हायच्या आत सांग. नंतर सांगितलास तर पोरगं पैसे लपवतंय असं वाटतं.

कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, ५५० पीएफमध्ये. त्यामुळे पासबुकात दोन्ही रकमा सारख्या दिसणार नाहीत, आणि तसं दिसणं बरोबरच आहे. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर, ट्रान्सफर कर. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या पैशावर कर लागतो आणि पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणीही तुटते. जुन्या कंपनीने "नोकरी सोडल्याची तारीख" भरली नाही की ट्रान्सफर अडकतो. सोडून दोन महिने झाले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर आपली आपल्याला भरता येते.

हे सगळं पुढे अडतं ते मात्र नावावर. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर हाच क्रम उलटा. पॅन काढताना सायबर कॅफेवाल्याने वडिलांचं नाव गाळलेलं, आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. कॉलेजात कोणी बघत नव्हतं. पीएफची केवायसी मात्र या एका अक्षरावर महिनोन्महिने लोंबकळते. दहावीचं प्रमाणपत्र पाया धर, कारण बोर्डातून ते बदलून आणणं सगळ्यात जिकिरीचं. आधी आधार त्याच्याशी जुळव, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी यूएएन. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर पावती हातात घेऊन एकेक अक्षर वाचल्याशिवाय उठू नकोस. मोबाइल नंबर जोडलेला आहे का तेही तिथेच बघ. वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असतो बहुतेकदा.

ऑफर लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँड आहे म्हणतोस. "बाँड कोर्टात टिकत नाही" हे मित्रांचं म्हणणं अर्धवट आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही, असली अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठराविक काळ नोकरी करायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरायची, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची दोन लाखांची अशी अट वैध ठरवली. म्हणून रक्कम किती, महिने जातील तशी ती कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर लागू होते का, हे तिन्ही विचार, मेलवर विचार. मूळ गुणपत्रकं किंवा कोरा धनादेश मागितला तर ती नोकरी सोडून दे. बाकी बाबतींत मी इतक्या ठामपणे सांगत नाही.

आता एमपीएससी. वडिलांचं चुकत नाही, नोकरी म्हणजे सरकारी हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. पण राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तिथपर्यंत दार उघडं दिसतं, म्हणून पोरं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत कॉट बेसिसवर आठ-आठ वर्षं काढतात. दरवर्षी "थोडक्यात हुकलं". किती थोडक्यात, ते मोजायचं. पूर्वपरीक्षेत दुसऱ्या पेपरला ३३ टक्के मिळाले की पुरे, कटऑफ लागतो पहिल्या पेपरवर. त्यात तुझे गुण आणि कटऑफ यांतलं अंतर पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी किती, ते लिहून ठेव. अंतर घटत नसेल तर तिसरं वर्ष देण्यात अर्थ नाही. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे थोरल्या भावंडांनी ठेवलेल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या गठ्ठ्यांवर विसंबू नकोस. रोज एक उत्तर हाताने, घड्याळ लावून लिहून बघ. पंधरा दिवसांत कळेल की हे आपल्याला जमणार की नाही. वडिलांबरोबर बसून एक तारीख ठरव आणि ती दिनदर्शिकेवर लिही. ती तारीख आली की काय करायचं तेही त्याच कागदावर लिही. नोकरी करत अभ्यास होतो का? काहींचा होतो. शिफ्टची नोकरी असेल तर होत नाही.

पुण्यात खोली शोधताना भाड्याआधी "आडनाव काय, गाव कोणतं, खाणं काय" विचारतील. काही वेळा आडनाव ऐकून फोन बंद होईल. हे अपमानकारक आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपा तोडगा नाही. नुकसान तेवढं टाळता येतं: एजंटला टोकन द्यायच्या आधी मालकाशी स्वतः बोल, काय ते आधीच सांग, होकार मेसेजवर घे आणि मगच पैसे दे. टोकन एकदा गेलं की परत येत नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो, आणि भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवलेल्या करारात वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकाला सौम्य आवाजात सांगितलं तरी पुरतं. पहिल्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतीवरची ओल आणि गळका नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठव. अनामत रकमेतून "रंगाचे पैसे" कापतात ते याच भिंतीच्या नावाखाली.

पगार सुरू झाला की साधारण सहाव्या महिन्यात पतसंस्थेचा एक फॉर्म घेऊन कोणीतरी येईल. चुलतभाऊ असेल, शाळेतला मित्र असेल, वडिलांवर उपकार केलेला शेजारी असेल. "नुसती सही पाहिजे रे, नोकरदार जामीन लागतो." गावात नोकरी लागली की पैशाआधी सहीला किंमत येते. ही सही नुसती नसते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, त्याचं घर विका, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. हप्ते थकले की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते. त्यावर तुझंही नाव असतं, आणि वसुली करणाऱ्याला कर्जदाराच्या नापीक तुकड्यापेक्षा तुझा महिन्याचा पगार सोपा वाटतो. तुझा स्वतःचा सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो गुणांक, बिघडतो तो वेगळाच.

नाही कसं म्हणायचं? "बघतो" म्हणू नकोस, तो होकार समजतात. मूळ कर्ज किती, मुदत किती, दुसरा जामीनदार कोण, आधीचं काही थकलंय का, हे विचार. उत्तर द्यायला जो कां-कूं करतो त्याला तिथेच नाही म्हण. माणूस अगदी जवळचा असेल, तर बुडाले तरी चालतील एवढेच पैसे उसने दे आणि सही टाळ. दहा हजार बुडाले तर दहा हजारच बुडतात. सहीचा शेवट कुठे होईल ते तुझ्या हातात नसतं. वडील म्हणतील, "लोक काय म्हणतील?" लोक दोन महिने बोलतात. कर्जाची मुदत पाच वर्षं असते.

घरी पैसे पाठवणार असशील तर ठरावीक रक्कम, ठरावीक तारखेला, आईच्या स्वतःच्या खात्यात पाठव. शैक्षणिक कर्ज असेल तर शिकत असतानाही व्याज चढत असतं, हप्ता सुरू व्हायच्या आधी जमेल तेवढं व्याज भरून टाक.

ताईबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण तिथेच तुझं शिक्षण खऱ्या अर्थाने लागणार आहे. आजोबांच्या जमिनीची वारस नोंद निघाली आहे आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्यायचं घाटतंय. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तो जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. "तिच्या लग्नात दिलं की" हे वाक्य या हिशेबात बसत नाही. तिला नको असेल तर तो तिचा निर्णय, पण आधी सातबारा आणि आठ-अ काढ, तिच्या वाट्याला किती गुंठे येतात ते काढून दाखव, आणि हक्कसोडपत्र नोंदणीला जायच्या आधी तिला शांतपणे, ओळ न ओळ वाचून दाखव. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात, गाडीचा हॉर्न वाजत असताना नव्हे. फायदा तुझा होणार आहे, म्हणून वाचायचं कामही तुझंच.

पुढच्या पत्रासोबत ऑफर लेटर पाठव. पहिलं, अभिनंदनाचं पान नको, शेवटचा तक्ता आणि बाँडचं पान पुरे.

कळावे.

ता. क. पुण्यात राहायचं पक्कं झालं की मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भर. नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरलास तर दोन ठिकाणी नाव लागेल आणि एक काढत बसावं लागेल.