लिस्बनला जातोयस, तर पाकीट सांभाळ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मागच्या खिशात पाकीट घालून फिरतोस, तसा लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये चढू नकोस. ती जुनी, पिवळी, चिंचोळी गाडी पर्यटकांनी खच्चून भरते. हात मारतात तो चढताना, दारातल्या रेटारेटीत: एक जण उगाच वाट अडवतो, दुसरा मागून चेन उघडतो. सॅक पोटावर घे. कॅफेच्या टेबलावर मोबाईल तर ठेवूच नकोस; कुणी नकाशा पसरून पत्ता विचारतो आणि नकाशाखालून फोन उचलतो. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या पाऊचमध्ये. (आपली मंडळी तेच पाऊच बाहेर मिरवतात, काय बोलणार!) चोरी झालीच तर आधी कार्ड ब्लॉक कर, मग पोलिसांत तक्रार. पासपोर्ट गेला तर तक्रारीची प्रत घेऊन भारतीय दूतावास गाठ, तो लिस्बनमध्येच आहे.