विमान रद्द झालं, वर अपमान झाला, तर बेळगावसारख्या ठिकाणच्या प्रवाशानं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की विमान कंपनीनं वयस्कर आई-वडिलांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं, शेवटी विमानच रद्द केलं, वर धड बोललेही नाहीत, तर नुसता मनस्ताप करून घ्यायचा की काही करता येतं? येतं. काउंटर सोडायच्या आधी जे काय ते लेखी मागायचं. आणि ‘रिफंड येईल’ एवढ्यावर तिथून हलायचं नाही.

आम्हा बेळगावकरांना तर हे फारच लागू पडतं. मोठ्या शहरांच्या मार्गावर एक विमान गेलं तर थोड्या वेळानं दुसरं असतं. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, एखाद्या मार्गावर दिवसाला एकच विमान, कधी तेही रोज नाही. ते रद्द झालं की कंपनी तिकिटाचे पैसे परत करून मोकळी होते आणि आपण रात्री म्हातारी माणसं घेऊन निपाणीमार्गे येणारी खासगी बस शोधत हिंडतो. पैसे परत करणं कंपनीला सगळ्यात स्वस्त पडतं, म्हणून तेच आधी पुढं करतात.

आमच्याबाबतीत असंच झालं. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं. तिला आणि आईला घेऊन मी संध्याकाळच्या विमानानं परत निघाले होते. आधी तासभर उशीर, मग आणखी उशीर, मग बोर्डावर ‘रद्द’. कारण विचारलं तर ‘ऑपरेशनल’. तेवढ्यात एक मुलगा आला आणि मावशीला म्हणाला, “आंटी, उठिए, चेअर दुसरे पॅसेंजर को चाहिए.” एका डोळ्यावर पट्टी असलेल्या बाईला व्हीलचेअरवरून उठवून त्यानं उभं केलं आणि खुर्ची घेऊन गेला. तिचे डोळ्यांत घालायचे थेंब चेक-इन केलेल्या बॅगेत होते, वेळ टळत चाललेली. मावशीला मराठी आणि कन्नड येतं, हिंदी जेमतेम. ती काउंटरवरच्या मुलीला बॅगेबद्दल परत परत विचारत होती आणि ती मुलगी उत्तर मला देत होती, मावशीकडे बघतसुद्धा नव्हती. मला त्या उशिरापेक्षा याचा जास्त राग आला, अजून येतो.

दुसरं विमान मागितलं तर ‘उद्याचं फुल आहे, परवाचं बघू.’ मग मी एका कागदावर सगळं लिहिलं: विमानाचा नंबर, वेळ, रद्द झाल्याचं कधी सांगितलं, व्हीलचेअर काढून घेतली, आम्हाला रिफंड नको, दुसरं विमान पाहिजे, गोव्याचं किंवा कोल्हापूरचंही चालेल. ड्यूटी मॅनेजरला म्हटलं, यावर पोच द्या. तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोव्याच्या विमानात जागा निघाल्या. रात्र नातेवाइकांकडे काढली आणि गोव्याहून चोर्ला घाटानं गाडी करून घरी आलो.

नियम थोडक्यात सांगते. हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहेत. प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल (मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद सगळं यात आलं) तर दोन तासांच्या उशिरानंतर खाणं-पिणं मोफत द्यावं लागतं. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. पण विमान रद्द केलं आणि ते किमान २४ तास आधी कळवलं नाही, तर दुसरं विमान किंवा रिफंड, यांतलं काय ते आपण ठरवायचं आणि वर भरपाई. तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये. पण तिन्ही बाबतींत ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जी कमी ती. हवामान, संप, सुरक्षा अशा हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. म्हणून रद्द होण्याचं कारणही कागदावर घ्या. पावसाळ्यात ‘हवामान’ म्हणणं सोपं असतं.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडे हमखास नडणारी. बरेच जण तिकीट एजंटाकडून काढतात आणि बुकिंगमध्ये मोबाइल नंबर एजंटाचा जातो. प्रवाशानं संपर्काचा नीट तपशील दिला नसेल तर भरपाई द्यावी लागत नाही, असं नियमातच आहे. आमचं तिकीट खडेबाजारातल्या एजंटाकडचं होतं. कंपनीनं नंतर उत्तर दिलं, ‘तुम्हाला मेसेज केला होता.’ एजंटाच्या फोनचा स्क्रीनशॉट मागवला, तर मेसेज त्याच संध्याकाळचा, म्हणजे २४ तासांची अट पाळलेलीच नव्हती. तो जोडल्यावर भरपाई आली. गोव्याहून केलेल्या गाडीचं भाडं मात्र दिलं नाही. तुम्ही एजंटासमोर बसूनच स्वतःचा नंबर घालून घ्या.

व्हीलचेअरची तक्रार ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक प्रवासी व्हीलचेअर न मिळाल्यानं पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएनं एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. त्या बातमीनंतर आमची मावशी त्या गर्दीत उभी होती ते आठवून माझ्या अंगावर काटा आला.

तक्रार आधी कंपनीकडे ईमेलनं करा, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं दावा दाखल करता येतो, म्हणजे कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी तिला बेळगावात उत्तर द्यावं लागतं. तिकिटासाठी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बोर्डिंग पास, पोच घेतलेला कागद, गाडीभाड्याची पावती हे सगळं तोवर जपून ठेवा.