कळ आली की आधी श्वास सोडा

प्रश्न : मला चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण, माहेरी इंदूरलाच होणार. जाऊबाई म्हणतात, कळ आली की भराभर श्वास घे, दुखणं कमी जाणवतं. घरी करून पाहिलं तर दोन मिनिटांत गरगरलं, ओठांना मुंग्या आल्या. काय चुकतंय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : चुकतोय तो सल्ला. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातूनच गरगरणं आणि मुंग्या येतात. कधी बोटंही वळतात. प्रसूतीत असं झालंच तर दोन्ही हातांची ओंजळ नाकातोंडावर धरून सावकाश श्वास घ्या. लामाझ या बाळंतपणाच्या तयारीच्या पद्धतीत पूर्वी जलद श्वास शिकवत; आता भर संथ श्वासावर असतो.

कळ येतेय असं वाटलं की आधी एक लांब सुस्कारा टाका, खांदे खाली पडू द्या. मग ४ मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, ६ मोजेपर्यंत तोंडाने बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तसा. एक श्वास साधारण १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटभराच्या कळेत सहाच. तिसरा-चौथा कठीण जातो, कारण कळ तेव्हा शिगेला असते. पुढे ती ओसरते. सहा मोजणं जमेनासं झालं तर आकडे सोडा, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब ठेवा, एवढंच. दात आवळू नका. ‘आऽऽ’ असा खालच्या पट्टीतला आवाज काढला की जबडा आपोआप सैल राहतो. कुणाला लाजायचं कारण नाही, प्रसूतिगृहात हे रोजचं असतं.

सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा : गर्भपिशवीचं तोंड ८ ते १० सेंटीमीटर उघडत असताना. कळांवर कळा येतात आणि पूर्ण उघडण्याआधीच जोर लावावासा वाटतो. तेव्हा जोर दिला तर पिशवीच्या तोंडाला सूज येऊ शकते. म्हणून ‘हा, हा, फूऽऽ’ : दोन हलके उच्छ्वास, एक लांब फुंकर. श्वास अडकला नाही की जोरही पूर्ण लागत नाही.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर, आतून कळ येईल तेव्हाच जोर द्या, एका वेळी ५-६ सेकंद. चेहरा लाल होईस्तोवर दम कोंडून धरला तर तुम्ही थकता आणि बाळाला मिळणारा ऑक्सिजनही कमी होऊ शकतो. डोकं बाहेर येताना डॉक्टर ‘थांबा’ म्हणतील, तेव्हा तोंड उघडं ठेवून हलकं धापा टाका. डोकं सावकाश आलं की फाटण्याचा धोका कमी होतो.

सराव रोज १० मिनिटं, बसून किंवा डाव्या कुशीवर. पाठीवर उताणं पडून नको. मुठीत बर्फाचा खडा मिनिटभर धरून सहा श्वास पूर्ण करा, म्हणजे दुखत असताना मोजता येतं का ते कळेल. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक आता नको. भ्रामरी चालेल. आणि हो, श्वासाने कळा सुसह्य होतात, नाहीशा होत नाहीत. एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध) घ्यावंसं वाटलं तर त्यात हार कसली?

प्रश्न : लेकीसोबत मला आत थांबू देणार आहेत. मी नेमकं काय करू?
– एक आई, इंदूर

उत्तर : ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणू नका. तिच्यासमोर बसून तुम्हीच लांब श्वास सोडा, ती आपोआप तुमच्या लयीत येईल. कपाळ, जबडा, मुठी बघत राहा. आवळलेलं दिसेल तिथे हलका हात ठेवा. तोंडाने श्वास सोडून घसा कोरडा पडतो, तेव्हा दोन कळांच्या मध्ये डॉक्टरांना विचारून घोट-घोट पाणी द्या, ओठांना तूप लावा. नर्सबाई हिंदीत ‘ज़ोर लगाओ’ म्हणाल्या आणि लेकीला अजून कळ आलेली नसेल, तर नम्रपणे सांगा, ‘सिस्टर, दर्द आने दीजिए, तब लगाएगी.’ मात्र बाळाचे ठोके उतरलेत म्हणून घाई असेल तर मध्ये बोलू नका, त्या सांगतील तसं लेकीला करू द्या.